सही मंत्रालयात, कान आमच्या फोनला : गृह विभागास खान्देशातून खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : फोन टॅपिंग, सीडीआर (कॉलच्या नोंदी), टॉवर डंप (एका टॉवरवरच्या सर्व फोनांची यादी) आणि जप्त मोबाइल यांचा हिशेब जनतेपुढे ठेवण्याबाबत

महोदय,

पत्र आपल्या नावाने आहे, पण पाकिटात घातलेले नाही. घालून तरी काय? टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ च्या कलम ९ ने टपाल अडवून उघडण्याची सोय सरकारने करून ठेवलेलीच आहे. १९८६ साली संसदेने टपालाबद्दलचे असेच एक विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते तसेच पडून राहिले. या वेळी कोणाचा हात अडला नाही. म्हणून म्हटले, उघड्यावरच लिहू.

लिहिणारे आम्ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले काही वकील, मोबाइल दुरुस्तीचे कारागीर आणि टॉवरवर काम करणारे तंत्रज्ञ आहोत. आमचा संबंध सरळ आहे. अशिलाचा फोन ऐकला की त्याच्या वकिलाचाही आपोआप ऐकला जातो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने त्या बोलण्याला दिलेले संरक्षण टॅपिंगच्या यंत्राला ठाऊक नसते. दुकानात आलेल्या जुन्या फोनचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, उद्या कुठल्या गुन्ह्यात निघेल, ही धास्ती कारागिराला असते. आणि टॉवरवाल्याला आपला सेक्टर, म्हणजे टॉवरच्या एका बाजूचा पट्टा, कुठून कुठवर पोचतो ते नेमके माहीत असते; त्याच सेक्टरच्या आधारे एखादा माणूस 'घटनास्थळी हजर' ठरला की पहिला प्रश्न त्याच्याच मनात येतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. खंडणीवाले, अपहरण करणारे, गांजाच्या आणि हत्यारांच्या टोळ्या यांचे फोन ऐकू नका असे आमचे म्हणणे नाही. ऐका. पण कोणाचे ऐकले, किती दिवस ऐकले आणि फाइलवर लिहिलेले कारण खरे होते का, हे तपासणारा माणूस सरकारबाहेरचा असू द्या, आणि काम संपल्यावर ज्याचे ऐकले त्याला कळू द्या.

आत्ताच का लिहितो? १८८५ चा तार कायदा आणि त्याखालचा २००७ चा नियम ४१९-अ आता मागे पडले. त्यांच्या जागी दूरसंचार अधिनियम, २०२३ चे कलम २०(२) आणि ६ डिसेंबर २०२४ चे नवे नियम आले. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले तेव्हाही तोच १८८५ चा कायदा लागू होता. तो अखेर बदलला, पण देखरेखीची जुनी घडी तशीच नव्या कागदावर उतरली. १९९६ मध्ये फोन टॅपिंगवरच्या पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली, टॅपिंगचे आदेश तपासणारी सचिवांची समिती ही सरकार स्वतःची न्याय्य कार्यपद्धती आखेपर्यंतची सोय होती. सोय कायमची झाली. नियम केंद्राचे आहेत हे आम्ही जाणतो, पण महाराष्ट्रातली सही आपली आहे.

आता आदेश कसा फिरतो ते पाहू. तपास यंत्रणा मागणीपत्र पाठवते. त्यात नंबर, नाव आणि कारण असते. सही आपण करता. आपण करू शकत नसाल तर नेमून दिलेला, सहसचिवापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी करतो. आदेश ६० दिवस चालतो, वाढवत नेला तर एकूण १८० दिवस. तो मोबाइल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो, तिथे नंबर यंत्रणेत टाकला जातो, आणि त्या क्षणापासून प्रत्येक कॉलची जुळी प्रत दुसरीकडे वाहू लागते. ज्याचा फोन आहे त्याला यातले काहीच दिसत नाही. लोकांत समज आहे की फोनमध्ये खरखर आली, बॅटरी तापली, बोलताना प्रतिध्वनी आला म्हणजे फोन टॅप झाला. तसे काही नसते. प्रत नेटवर्कवर निघते, हँडसेटला पत्ताही लागत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा *#२१# हा कोडही टॅपिंग दाखवत नाही. तो फक्त तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले आहेत का एवढे सांगतो. (वळवलेले सापडले तर ##००२# ने बंद करा; तो बहुधा फसवणूक करणाऱ्याचा उद्योग असतो, सरकारचा नव्हे.)

पूर्वी या साखळीत कंपनीचा माणूस तरी होता. आदेश मिळाल्याची पोच दोन तासांत देणे आणि दर पंधरा दिवसांनी आलेल्या आदेशांची यादी यंत्रणेकडे पाठवून 'हे खरेच तुमचे का' असे विचारणे, ही कामे नियम ४१९-अ ने त्याच्यावर टाकली होती. बनावट आदेश पकडायची ती एक खिडकी होती. केंद्र सरकारच्या सी-डॉट या संस्थेने बांधलेल्या केंद्रीय देखरेख प्रणालीत, म्हणजे सीएमएसमध्ये, यंत्रणा नंबर थेट लावू शकते; कंपनीच्या माणसाच्या हातून जायची गरज उरत नाही. गुप्तता वाढली हे खरे. पण नको तो नंबर दिसल्यावर भुवई उंचावणारा एकुलता एक बाहेरचा माणूसही साखळीतून गेला.

तातडीच्या आदेशाची वाट वेगळी आहे. 'दुर्गम भाग' किंवा 'कामकाजाची निकड' असे कारण असेल तर राज्यात पोलीस महानिरीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेला वरिष्ठ अधिकारी आधी टॅपिंग सुरू करू शकतो. तीन कामाच्या दिवसांत ते आपल्याला कळवायचे आणि सात कामाच्या दिवसांत आपली मंजुरी घ्यायची. अक्राणी आणि अक्कलकुवा कागदावर दुर्गमच आहेत. पण दुर्गम म्हणजे रस्ता खराब असणे. मागणीपत्र नंदुरबारहून मुंबईला आज ईमेलने काही मिनिटांत पोचते. मग डोंगरातल्या पावरा आणि भिल्ल माणसाच्या फोनला मुंबईतल्या माणसाच्या फोनपेक्षा कमी संरक्षण कशासाठी? वनहक्काचे दावे लढणारे आणि सरदार सरोवराच्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे कार्यालयांच्या पायऱ्या झिजवणारे लोक याच दोन तालुक्यांत राहतात. म्हणून हा प्रश्न आम्हाला पुस्तकी वाटत नाही.

मग समिती काय करते? मुख्य सचिव अध्यक्ष, विधी विभागाचे सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव. दोन महिन्यांतून एकदा बैठक. केंद्राच्या अशाच समितीबद्दल माहिती संरक्षणावरच्या न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवले आहे की प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तपासायचे असतात. गणित आम्ही करून पाहिले. आठ तास चहापाण्यालाही न उठता बसले तरी हातात २८,८०० सेकंद येतात. एका आदेशाला दोन सेकंदसुद्धा नाहीत. तेवढ्या वेळात पान उलटता येते, वाचता येत नाही. राज्याच्या समितीपुढे किती आदेश येतात, त्यांतले किती तिने रद्द केले, हा आकडा जनतेपुढे ठेवलेला नाही. आकड्याने कोणत्या गुन्हेगाराला सावध केले असते?

खान्देशाला हा विषय परका नाही. माजी मंत्री एकनाथ खडसे आणि खासदार संजय राऊत यांचे फोन २०१९ मध्ये टॅप झाल्याबद्दल मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या कुलाबा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. मागणीपत्रात खरी नावे न देता भलतीच नावे लिहिली, असा आरोप होता. शासनाने खटल्यास मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. म्हणजे आरोप खरा की खोटा हे साक्षीपुराव्याने तपासलेच गेले नाही, आणि ते ठरवणारे आम्हीही कोणी नाही. आमचा मुद्दा साधा कारकुनी आहे. प्रत्येक सिमकार्डाचा ग्राहक अर्ज, म्हणजे सीएएफ, कंपनीकडे असतो. मागणीपत्रातले नाव आणि सीएएफवरचे नाव जुळते का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे कोणाची जबाबदारी आहे, हे कुठेही लिहिलेले नाही.

नावे जुळली तरी गोंधळ संपत नाही. आमच्याकडे सिम बापाच्या नावावर, फोन मुलाच्या हातात आणि रिचार्ज काका मारतात. कायद्याने एका माणसाच्या नावावर नऊ सिम चालतात, त्यामुळे शेतमालकाच्या आधारवर घेतलेली सिमकार्डे सालदारांच्या खिशात असतात. कागदावर 'ग्राहक' एक आणि बोलणारा दुसरा. टॅपिंग नंबरावर लागते, बोलणाऱ्यावर नाही. ६० दिवस एखाद्या घरातली बायामाणसे, पोरे, सुईण, सावकार सगळ्यांचे बोलणे ऐकून झाल्यावर कळते की संशयित दुसऱ्याच नंबरावर होता.

आता सीडीआर. टॅपिंगची फाइल निदान मंत्रालयापर्यंत जाते. सीडीआर जिल्ह्यातच निघतो, आणि आमच्या मते खरी गळती इथेच आहे. सीडीआरमध्ये बोलणे नसते. कोणी कोणाला, किती वाजता, किती सेकंद, कोणत्या हँडसेटवरून आणि सुरुवातीला व शेवटी कोणत्या सेलवरून, म्हणजे टॉवरच्या कोणत्या सेक्टरवरून, एवढे असते. पण एवढ्यावरून माणसाचे आयुष्य मांडता येते. दर मंगळवारी कर्करोगाच्या डॉक्टरला फोन, रात्री अकरानंतर एकाच नंबरावर चाळीस मिनिटे, निवडणुकीच्या आदल्या दिवशी विरोधी उमेदवाराला तीन कॉल. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना हे किमान दोन वर्षे जपून ठेवावे लागते.

२०१३ मध्ये राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचा सीडीआर दिल्ली पोलिसांतल्या एका शिपायाने मिळवल्याचे उघड झाले. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने सांगितले की सीडीआर पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच मागवावा आणि मागवलेल्या सीडीआरचे निवेदन दर महिन्याला जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे. चांगला नियम आहे. पण व्यवहारात अधीक्षकांच्या अधिकृत ईमेलचा पासवर्ड ज्याच्या टेबलावर, सीडीआर त्याच्या हातात. '१०० नंबरांची यादी, एकच पत्र' अशी मागणी गेली की त्यात गुन्ह्याशी संबंध नसलेले दोन नंबर सहज मिसळतात: कोणाची बायको, कोणाचा भागीदार, कोणाचा भाडेकरू. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनीच सीडीआर विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडले होते. बाजारात माल येतो तो कुठल्या तरी गोदामातूनच. जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणारे ते मासिक निवेदन कोणी वाचते का, हा प्रश्न आम्ही तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांनाही विचारत आहोत.

आणि लोकेशन. 'लोकेशन काढले' म्हणजे माणूस नकाशावर सापडला, असे ऐकणाऱ्याला वाटते. साध्या टॉवरला तीन सेक्टर असतात, प्रत्येक सुमारे १२० अंशांचा. जळगावच्या सराफ बाजारात एक सेक्टर दोन-चार गल्ल्या धरतो. सातपुड्यात तोच कित्येक किलोमीटर जातो आणि मध्ये डोंगर आला की वाकडातिकडा पोचतो. नर्मदेकाठच्या गावात फोन कधी गुजरातचा तर कधी मध्य प्रदेशचा टॉवर धरतो. सीडीआर म्हणतो माणूस परराज्यात, आणि माणूस आपल्या पडवीत बाजेवर पडलेला असतो. टॉवरवर गर्दी झाली की जवळचा सेल सोडून फोन लांबच्या सेलवर ढकलला जातो. सेल आयडीला अँटेनाची दिशा, उंची आणि त्या दिवशीचा बिघाड जोडल्याशिवाय तो पुरावा म्हणून वाचूच नये. सीडीआरसोबत बहुतेक वेळा नुसता टॉवरचा पत्ता येतो, आणि वाचणारा तो पत्ता माणसाचाच समजतो.

टॉवर डंप तर याहून पुढचा. ठरावीक वेळेत त्या टॉवरवर असलेला प्रत्येक फोन त्यात येतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजारातल्या एका चोरीसाठी दोन तासांचा डंप मागवला, तर हजारो भाविक, व्यापारी आणि तमाशा बघायला आलेले लोक पोलिसांच्या एक्सेल फाइलमध्ये बसतात. भुसावळ जंक्शनचा डंप घेतला तर त्या वेळी गाडीत झोपलेले, खान्देशात पाऊलही न ठेवलेले प्रवासी त्यात असतात. चोर सापडतो किंवा सापडत नाही. फाइल मात्र राहते. ती कोणत्या संगणकावर राहते, पेनड्राइव्हवर कोण नेते आणि कधी पुसते, याला कोणतीही छापील मुदत आमच्या माहितीत नाही. अडवलेल्या संदेशांचे कागद सहा महिन्यांनी नष्ट करायचे असतात. डंप तेवढ्याही शिस्तीत येत नाही.

आता भाषेचा मुद्दा. यावर कोणी बोलत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ऐकणारा कोण असतो? अहिराणी, लेवा बोली, पावरी, भिलोरी, मावची, गुजरी या बोलींतले संभाषण मुंबई-पुण्याच्या कक्षात बसलेला कर्मचारी ऐकतो आणि प्रमाण मराठीत उतरवतो. 'तुले मारी टाकसू' हे आमच्याकडे भाऊ भावाला आणि मैत्रीण मैत्रिणीला दिवसातून दोनदा म्हणते. कागदावर ते 'तुला ठार मारीन' होते. 'माल भरी दिन्हा, गाडी रातले निंघी गई' यात माल म्हणजे रावेरची केळी, आणि गाडी रात्री निघते कारण दिवसाच्या उन्हात घड तापतो. तपासणाऱ्याच्या कानाला 'माल' आणि 'रात' एवढेच ऐकू येते. फळांच्या व्यापारात पेटी म्हणजे पेटी. तपासाच्या भाषेत पेटी म्हणजे लाख रुपये. 'वीस पेट्या उद्या पोचतील' हे वाक्य लाचेच्या फाइलमध्ये कसे दिसेल, याची कल्पना करा. न्यायालयापुढे येणाऱ्या लिप्यंतरावर ते कोणी केले, त्याला ती बोली येते का, आणि मूळ शब्द बोलीतच लिहून शेजारी मराठी दिले आहे का, हे नोंदवण्याचा रिवाज नाही. तो घालायला पैसा लागत नाही. तिन्ही जिल्ह्यांत या बोली बोलणारे शिक्षक आणि पोलीसही भरपूर आहेत.

आता चूक उघड झाली तर काय होते? फारसे काही नाही. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र या १९७२ च्या निकालापासून बेकायदा मिळवलेला पुरावाही सुसंगत असेल तर चालतो, अशी वाट आहे. मग नियम पाळण्याची गरज यंत्रणेला का वाटावी? मुंबई उच्च न्यायालयाने विनित कुमार विरुद्ध सीबीआय खटल्यात २२ ऑक्टोबर २०१९ ला तीन आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितले. १० लाखांच्या लाचेच्या तपासात ना सार्वजनिक आणीबाणी होती ना सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न, असे न्यायालय म्हणाले. मद्रास उच्च न्यायालयानेही २ जुलै २०२५ ला २०११ चा एक आदेश असाच रद्द केला. पण मुंबईच्या खटल्यातले आदेश २००९ आणि २०१० चे होते. दाद मागता आली कारण आरोपपत्र झाले आणि त्यात टॅपिंग दिसले. ज्याच्यावर काहीच निघाले नाही, त्याला आपला फोन ऐकला गेला हे मरेपर्यंत कळत नाही. निर्दोष माणसाला दाद मागायला जागाच नाही.

हातातल्या फोनबद्दल थोडक्यात. नाकाबंदीत गाडी थांबवून 'लॉक उघड, व्हॉट्सॲप दाखव' हा प्रकार २०२१ मध्ये हैदराबादेत गाजला. पोलीस तरुणांच्या चॅटमध्ये गांजाचे शब्द शोधत होते. नुसते नाक्यावर थांबवले म्हणून चॅट वाचायचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत नाही. जप्तीच असेल तर कलम १०५ प्रमाणे चित्रीकरण हवे, आणि पंचनाम्यात 'एक काळा मोबाइल' असे न लिहिता दोन्ही आयएमईआय, सिमवरचा क्रमांक, मेमरी कार्ड आहे की नाही, फोन चालू होता की बंद, हे सगळे हवे. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे चालू फोन तसाच पाकिटात घालून लाखेची मोहोर लावणे. फोन आत नेटवर्कवर जिवंत असतो. मेसेज येत राहतात, वेळेच्या नोंदी बदलतात, बाहेरून पुसताही येतो. विमान मोड लावून तो सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत घालावा. पिशवी नसेल तर ॲल्युमिनियमच्या फॉइलचे चार-पाच थर कामचलाऊ असतात. माहितीची प्रत काढली की तिची हॅश, म्हणजे फाइलचा अंकी ठसा, तिथेच काढून साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात लिहावी आणि तिचा कागद मालकाला द्यावा. मालकाकडे हॅश नसेल तर नंतर फाइलमध्ये काय घातले किंवा काढले, हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही उरत नाही.

स्पायवेअरबद्दल, म्हणजे फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, दोनच ओळी. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले. ते पेगासस हे गाजलेले स्पायवेअर होते असे म्हणता आले नाही आणि केंद्राने सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगितले गेले. राज्याच्या कोणत्याही विभागाने असे साधन विकत किंवा भाड्याने घेतले आहे का, याचे हो किंवा नाही एवढे उत्तर पुरे. आणि लोक ओरडले की सरकार ऐकते, याचा दाखला ताजा आहे. प्रत्येक नव्या फोनमध्ये केंद्राचे संचार साथी हे मोबाइल सुरक्षेचे ॲप आधीच घालण्याचा २८ नोव्हेंबर २०२५ चा केंद्राचा आदेश बभ्रा झाल्यावर आठवडाभरात मागे घेतला गेला.

आमच्या मागण्या अशा :

१) राज्याने दरवर्षी टॅपिंगचे किती आदेश दिले, किती तातडीचे होते, किती वाढवले आणि समितीने किती रद्द केले, हे चार आकडे विधिमंडळात मांडावेत. नावे नकोत, नंबर नकोत. अमेरिकेत न्यायालयीन प्रशासन असा अहवाल दरवर्षी छापते.

२) प्रत्येक मागणीपत्राला सीएएफची प्रत आणि 'नाव जुळवून पाहिले' अशी अधिकाऱ्याची नावानिशी सही असावी. ती नसेल तर फाइल परत.

३) 'दुर्गम भाग' या कारणाने तातडीचा आदेश काढण्याची प्रथा महाराष्ट्रापुरती प्रशासकीय सूचनेने बंद करावी. जीव धोक्यात असलेली प्रकरणे 'निकड' या शब्दात बसतात.

४) निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीशांकडून दर सहा महिन्यांनी निवडक आदेशांची तपासणी व्हावी. केंद्राचा नियम बदलेपर्यंत राज्याला स्वतःहून एवढे करता येते. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीवर न्यायिक आयुक्ताची दुसरी सही लागते. आम्ही तर नमुना तपासणीच मागतो.

५) टॅपिंग थांबल्यावर, तपासाला बाधा नसेल तर, त्या माणसाला लेखी कळवावे. अमेरिकेत ही मुदत साधारण ९० दिवसांची आहे. आपण १८० ठेवा, पण ठेवा. ज्याच्यावर गुन्हा झाला नाही त्याचे रेकॉर्डिंग नष्ट केल्याचा दाखला सोबत द्यावा.

६) जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोलीस अधीक्षकांनी जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या मासिक निवेदनांतली संख्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावी : सीडीआर किती, टॉवर डंप किती, गुन्हा क्रमांकाशिवाय मागवलेले किती. शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर आनंद आहे. डंपची फाइल पुसण्याची मुदतही छापावी.

७) बोलीतल्या संभाषणाचे लिप्यंतर ती बोली येणाऱ्याकडून व्हावे आणि मूळ शब्द शेजारी असावेत.

८) बेकायदा टॅपिंगला दूरसंचार अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. हे कलम खाकीतल्या माणसालाही लागू आहे, असे परिपत्रक काढावे. अशा प्रकरणांत खटल्याची मंजुरी नाकारली तर कारणे लेखी द्यावीत.

आपल्या आदेशाची मुदत ६० दिवसांची असते, म्हणून आम्हीही ६० दिवस थांबू. उत्तर आले नाही तर तिन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांसमोर एक दिवसाचे धरणे धरू. पोलीस ठाण्याला रीतसर कळवून आणि रस्ता मोकळा ठेवून.

धरण्याला येणाऱ्यांना सूचना : शक्यतो फोन घरी ठेवा, कारण त्या चौकाचा डंप निघाला तर आपण सगळे एका यादीत असू. आणायचाच असेल तर बोटाचा ठसा आणि चेहऱ्याने उघडणे बंद करून सहा आकडी पिन लावा, बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणार नाही असे करा, व्हॉट्सॲपची दुहेरी पडताळणी सुरू करा आणि बॅकअप एन्क्रिप्टेड करा. नाहीतर चॅट कुलुपात आणि बॅकअप ओसरीवर, अशी गत होते. घरच्यांचा आणि एका वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. पाण्याची बाटली प्रत्येकाने आपापली आणावी.

आपले,
खान्देशातले काही वकील, कारागीर आणि तंत्रज्ञ

प्रत :
मा. मुख्य सचिव, पुनर्विलोकन समितीचे अध्यक्ष या नात्याने
मा. विशेष पोलीस महानिरीक्षक, नाशिक परिक्षेत्र
मा. जिल्हाधिकारी, जळगाव, धुळे व नंदुरबार : मुद्दा ६ वरील निवेदनांसाठी
तिन्ही जिल्ह्यांतले सर्व आमदार आणि खासदार, सत्तेतले आणि विरोधातले. फोन दोन्हीकडे आहेत